आमच्यात कोणाला नाही

धाकटी लेक येणार म्हणजे घरात पातेलं चढणार, हे आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. पातेलं म्हणजे त्या घरात एकच गोष्ट. अंगणात मोठी शेगडी मांडायची, तिच्यावर घरभराच्या अंघोळीचं पाणी मावेल एवढं अवाढव्य भांडं ठेवायचं, खारट-तिखट पाण्यात बटाटे, मक्याची कणसं, खेकडे, शिंपल्या, कोळंबी एकामागून एक सोडायची, आणि शिजलं की पाणी काढून तो सगळा डोंगर टेबलावर अंथरलेल्या कागदावर ओतायचा. ताट नाही, वाटी नाही. भोवती बसायचं आणि हातांनी फोडून खायचं. बाबा होते तोवर हे काम त्यांचं. गोदीत क्रेन चालवणारा माणूस, घरात काडी इकडची तिकडे करायचा नाही. पण पातेल्याच्या दिवशी बाह्या सरसावून असा उभा राहायचा की जणू सगळं गाव जेवायला येणार आहे. ते गेले आणि भांडं जिन्याखाली उपडं पडलं ते पडलंच.

"मी नाही हं," दादाने आधीच हात वर केले. "माझ्या कमरेचं तुम्हाला माहीत आहे."

"आणि मला तो वास केसांतून आठवडाभर जात नाही," वहिनी म्हणाली.

आईने दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्हाला कोण सांगतंय? राणी आहे की."

राणी, म्हणजे मधली, तेव्हा खिडकीपाशी बसून आईच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होती. चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या कारखान्यात तिची नोकरी. त्यामुळे घरातले सगळे चष्मे तिच्याच गळ्यात. रविवारी ती दोन बस बदलून आईकडे यायची, आल्याबरोबर तिच्यापुढे काहीतरी दुरुस्तीला ठेवलेलं असायचं.

"आई, मला कोळंबी सोसत नाही," ती स्क्रूवरची नजर न हलवता म्हणाली. शेजारच्याला किती वाजले सांगावं, तेवढ्याच थंडपणे.

"खायला कोण सांगतंय तुला? करायची आहे फक्त."

तिला हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं केवढे लाड! लहानपणी, शाळेत जात होती तेव्हा, पातेल्यातली कोळंबी खाल्ली आणि तिचे ओठ सुजले. अंगावर गांधी उठल्या. बाबा म्हणाले, नाटकं आहेत, सवयीने जाईल. पुढच्या खेपेला समोर बसवून खायला लावली. तिला श्वास घेता येईना, ती अंगणातल्या नळाखाली ओकली, आणि आईने पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हटलं, "पाहुण्यांच्या समोर शोभतं का गं हे?" त्या दिवसानंतर बाबांनी तिचं नाव राणीसरकार ठेवलं. राणीसरकारांना चालत नाही. राणीसरकारांसाठी वेगळे बटाटे उकडा. पुढे सरकार गळून पडलं, राणी उरली. आता तर तिचं खरं नाव आईलासुद्धा आठवून सांगावं लागलं असतं.

मोठी झाल्यावर एकदा कारखान्यातल्या कुणाच्या तरी निरोपाच्या जेवणात, सूपमधून नकळत तिच्या पोटात कोळंबी गेली. सोबतच्या बाईने तिला उचलून दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली. डॉक्टरांनी तिला पेनासारखी दोन इंजेक्शनं दिली, कपड्यावरूनच मांडीत टोचायची, आणि बजावलं, ही कायम जवळ ठेवायची. एकदा धाप लागली की दवाखाना गाठेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. तिने घरी येऊन सगळं सांगितलं. आई म्हणाली, "डॉक्टरांना काय, काहीतरी लिहून द्यावंच लागतं." बाबा हसले. दादाने विषय बदलला. पालथ्या घड्यावर पाणी! त्यानंतर तिने सांगणं सोडलं. पर्स मात्र कधी सोडली नाही, आणि इंजेक्शनांची मुदत संपली की न चुकता नवी आणत राहिली.

मग ती हो का म्हणाली? हे तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत त्या घराने तिच्याकडे चष्मे मागितले, गोळ्या मागितल्या, पंख्याची दुरुस्ती मागितली. पण सगळे एकत्र जमतात त्या टेबलावर तिला कधीच जागा नव्हती. ती आपली कोपऱ्यात ताट घेऊन, बटाटा आणि पाव. आता म्हणत होते, तू कर. बाबांची जागा घे. आतून कुठेतरी तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच तिला राग आला.

*

त्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली ती तोंडाला मास्क आणि हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे चढवून. मासळीवाला पोट धरून हसला.

"बाई, ऑपरेशन करायला आलात की मासळी घ्यायला?"

"दोन्ही," राणी म्हणाली. "कोळंबीचा काळा दोरा तुम्हीच काढून द्या. आणि खेकडे जिवंत हवेत, मेलेले गळ्यात बांधू नका."

"तुम्हाला बांधणार? तुमचा अवतार बघूनच मेले असतील ते!"

तीही हसली. अनोळखी माणसाने केलेल्या थट्टेचं काही लागत नाही.

अंगणात वाऱ्याची दिशा बघून तिने शेगडी अशी मांडली की वाफ कुंपणाकडे जावी. पाणी उकळलं, मूठमूठ मीठ पडलं, लसणाचे अख्खे गड्डे आडवे चिरून पडले, लिंबं, सुक्या मिरच्या, मिरीदाणे. मग बटाटे. ते अर्धे शिजले की कणसांचे तुकडे. मग खेकडे, ते लांब चिमट्याने, तोंड फिरवून. मग शिंपल्या, आणि सगळ्यांत शेवटी कोळंबी, कारण ती जरा जास्त शिजली की रबर होते. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. जो जेवायला बसत नाही तो बघत बसतो. तिने वर्षानुवर्षं बघितलं होतं. तिच्यासाठीचे बटाटे आत स्वयंपाकघरात छोट्या भांड्यात वेगळे उकळत होते.

धाकटी आली ती वाऱ्यासारखी. तीन वर्षांनी माहेरी आली होती. सोबत तिची सात वर्षांची मुलगी, चिमणी. नवरा कामामुळे येऊ शकला नव्हता. आईने नातीला कवटाळलं, ती सोडेचना. धाकटी अंगणात आली आणि राणीचा अवतार बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, हे काय गं? मोजे, मास्क! बाबा बघत असतील तर वरून हसत असतील."

"हसू दे. तू लांब उभी राहा, अंगावर उडेल."

"तू अजून तशीच आहेस हं," धाकटी लाडाने म्हणाली आणि झाकण उचलून वास घेतला. "अहाहा! हेच! तिकडे काय वाटेल ते मिळतं, पण हे नाही. चिमणी, ये गं, बघ!"

चिमणी आली. पातेल्यापासून हातभर लांब थांबली, नाक चोळलं. राणीने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"आवडतं का तुला?" राणीने विचारलं.

"खेकड्याचे डोळे आवडतात," चिमणी म्हणाली. मग हळूच, "कोळंबी नाही आवडत. जिभेला टोचते."

राणीच्या हातातला चिमटा तिथल्या तिथे थांबला. "टोचते म्हणजे कशी?"

"मुंग्या चावल्यासारखी. आई म्हणते मी बहाणे करते."

"करतेच ती," धाकटी म्हणाली. "शाळेत एकदा खाल्ली आणि घरी येऊन अंग खाजवत बसली. अगं, गवतात लोळली होती दिवसभर!"

राणी म्हणाली, "तिला देऊ नकोस."

"झालं!" धाकटी खळखळून हसली. "आई, ऐकलंस का? ताईला घरात अजून एक राणी करायची आहे!"

*

टेबलावर कागद अंथरले गेले. दादाने आणि वहिनीने पातेल्याचे कान दोन बाजूंनी धरले (कंबर तेवढ्यापुरती बरी झाली होती) आणि तो लालकेशरी डोंगर ओतला. वाफेचा लोट उठला. राणी दोन पावलं मागे सरली, मोजे काढून नळावर धुतले, तारेवर टाकले, आणि आपलं ताट घेऊन पायरीवर जाऊन बसली.

पहिला घास घेऊन आईने डोळे मिटले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बाबांसारखंच झालंय," आई म्हणाली.

कुणी करणारीकडे वळून पाहिलं नाही. पण राणीने तो शब्द झेलला, नाही म्हणायचं कशाला. तिने बटाट्यावर मीठ भुरभुरवलं आणि खाली मान घालून खायला लागली. दादा खेकड्याची नांगी दातांनी फोडत होता. वहिनीने केसांना रुमाल बांधला होता तरी खाण्यात ती सगळ्यांच्या पुढे होती. धाकटीच्या कोपरावरून पाणी ओघळत होतं. चिमणी कणीस खात होती.

"आणि माझ्या बाळाने कोळंबी नाही घेतली ती?" आईने विचारलं.

"नको आजी."

"एक. आजीसाठी. मी सोलून देते." आईने सुरेख सोलली, शेपटीला धरून नातीच्या तोंडापुढे नेली. "आ कर."

"आई, नको देऊस," राणी पायरीवरून म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा लहान निघाला.

"तू तुझे बटाटे खा बरं," आई म्हणाली, आणि सगळे हसले. रागाने नाही. राणीच्या नावाने हसायची त्या टेबलाला सवयच होती. राणी गप्प बसली. तिथे ती गप्प बसली, उठून उभी राहिली नाही, ताट आपटलं नाही, हे पुढे कितीतरी दिवस तिला खात राहिलं.

चिमणीने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. दादाने गोदीतला बाबांचा एक किस्सा काढला होता. तो अर्ध्यावर असताना चिमणीने मान खाजवली. मग कान. मग ती खोकली, आणि तो खोकला राणीने ऐकला. तो नुसता ठसका नव्हता. आतून दार लावून घेतल्यासारखा आवाज होता.

"ठसका लागला, पाणी द्या," दादा म्हणाला.

"हात वर कर बाळा," आई म्हणाली.

तोवर राणी घरात पोचली होती. पर्स दाराच्या खुंटीला होती. ती परत आली तेव्हा चिमणीचे ओठ फुगले होते, डोळे बारीक झाले होते, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. धाकटी तिच्या पाठीत धपाटे घालत होती. राणीने धाकटीला बाजूला लोटलं, पोरीला मांडीवर आडवं घेतलं, टोपण दातांनी उपटलं आणि पेन पँटवरूनच मांडीत रोवलं. चिमणी किंचाळली.

"काय टोचलंस तिला? वेडी झालीस का तू?" धाकटीने तिच्या खांद्यावर, पाठीवर, जिथे हात पडेल तिथे मारायला सुरुवात केली. "माझ्या पोरीला काय टोचलंस?"

राणी हलली नाही. मनात आकडे मोजत तिने पेन दाबून धरलं आणि मग काढलं. "दादा, गाडी काढ," ती म्हणाली. दादा नांगी हातात धरून तसाच उभा होता. "दादा! गाडी काढ म्हणते ना!"

त्या घरात ती पहिल्यांदाच ओरडली असावी. दादा पळाला.

गाडीत चिमणी राणीच्याच मांडीवर होती, कारण तिला हलवायला कुणी धजेना. लाळ, शेंबूड, कोळंबीचं पाणी, सगळं पोरीच्या तोंडाला आणि हातांना लागलेलं. राणी उघड्या तळहाताने तिचा चेहरा पुसत राहिली. वाटेतच श्वास मोकळा व्हायला लागला. धाकटी शेजारी बसून रडत होती आणि नवऱ्याला फोन लावत होती. आई पुढच्या सीटवर बसून एकच वाक्य म्हणत होती, "ताजी नसेल मासळी. मी म्हणत होते, बघून घे म्हणून."

*

दवाखान्यात पोरीला आत घेतलं, नळ्या लावल्या, अजून औषधं दिली. बराच वेळ गेला. मग डॉक्टर बाहेर आल्या; तरुण होत्या, दमलेल्या होत्या.

"धोका टळलाय. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवू. इंजेक्शन कोणी दिलं?"

 मग दादाने हनुवटीने राणीकडे खूण केली.

"वेळेवर दिलंत," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर इथवर पोचणं कठीण होतं." मग त्या धाकटीकडे वळल्या. "कोळंबीची अॅलर्जी आहे. घरात आणखी कोणाला असं होतं का? आईकडून, वडलांकडून?"

धाकटीने आईकडे पाहिलं. आईने पदराने डोळे टिपले आणि ठाम मान हलवली.

"नाही हो. आमच्यात कोणाला नाही."

राणी तिथेच, हात पुढे केला असता तर आईचा खांदा लागला असता एवढ्या अंतरावर उभी होती. आई खोटं बोलत नव्हती, हेच सगळ्यांत वाईट. तिला खरंच आठवत नव्हतं. नळाखाली ओकणारी पोर, सुजलेले ओठ, वेगळे उकडलेले बटाटे, यातलं काही आजाराच्या खात्यात जमाच झालं नव्हतं. ते सगळं हट्टाच्या खात्यात पडलं होतं.

"मला आहे," राणी म्हणाली.

आईने वळून पाहिलं. "तुझं वेगळं गं."

"वेगळं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे ती लहानपणापासून जरा..." आई शब्द शोधत राहिली. "तिचं नाजूक आहे."

 डॉक्टरांनी राणीकडे पाहिलं आणि मग दोन्ही गोष्टींचा मेळ घातल्यासारखं आईकडे. बोलली ती धाकटी. रडून रडून तिचा आवाज बसला होता, आणि भीती ओसरली की माणसाला राग यायला लागतो, तसा तो आता येत होता.

"तुला असं होतं हे तुला माहीत होतं? इतकी वर्षं? मग नीट सांगायला नको होतंस? हसतखेळत 'देऊ नकोस' म्हणतं का कोणी? मी आई आहे तिची, मला कळायला नको?"

राणीने तोंड उघडलं. तिच्याजवळ एवढं होतं सांगण्यासारखं की त्यातलं काहीच दारातून मावेना. तेवढ्यात औषधांची ट्रॉली ढकलत जाणारी नर्स थांबली.

"अहो, तुमच्या हातांवर काय आलंय?"

राणीने खाली पाहिलं. तळहात लाल होते, मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठल्या होत्या, एकीला एक लागून. पोरीचं तोंड पुसताना मोजे कुठे होते! ते अंगणात तारेवर वाळत होते. इतका वेळ तिला खाजही कळली नव्हती. नर्सने विचारपूस न करता तिला दंडाला धरून आत नेलं, साबणाने हात धुवायला लावले, गोळी दिली, आणि एका रिकाम्या खाटेवर बसवलं. "श्वास बरा आहे ना? काही वाटलं तर लगेच हाक मारा. इथून हलायचं नाही."

शेजारच्या खाटेवर चिमणी होती. मध्ये हिरवा पडदा. राणीला पडद्याखालून आईच्या चपला दिसत होत्या. आई नातीच्या उशाशी बसली होती आणि बोलत होती. इतक्या हळू आवाजात आईला बोलताना राणीने कधी ऐकलं नव्हतं.

"माझी चूक झाली गं बाळा. तू सांगत होतीस तर ऐकायला हवं होतं. आपलं लेकरू सांगतंय, नको म्हणतंय, आणि म्हातारीला कळू नये? आता या घरात कोळंबी यायची नाही. ते पातेलं मी भंगारात देऊन टाकते. आजी आहे ना? आजीचं चुकलं. आजी माफी मागते."

चिमणी काहीतरी पुटपुटली. आई परत म्हणाली, "हो गं राजा. टोचतं तर टोचतं. तुला टोचतं म्हटल्यावर टोचतं."

राणी खाटेच्या कडेवर बसून शब्दन् शब्द ऐकत होती. लहान असताना हेच बोल कुणीतरी आपल्याशी बोलेल म्हणून ती किती वाट बघायची. आज बोलले गेले, तिच्याच आईच्या तोंडून, हाताच्या अंतरावर, आणि पत्ता दुसरीचा होता. तिला पोरीचा हेवा वाटला. जिला आपणच वाचवलं त्या पोरीचा हेवा! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने दादा डोकावला. "तू इथे का बसलीस?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, "गाडी चुकीच्या जागी लावलीय, बघून येतो," म्हणून गेला.

*

संध्याकाळी सगळे घरी आले. वहिनी मागे राहिली होती. टेबल तसंच होतं, कागदावर थंड झालेला ढीग, त्यावर माश्या. राणीने आत जाऊन पर्स आवरली. धाकटीचा परवा परतीचा प्रवास होता. डॉक्टरांनी पोरीसाठी तसलीच पेनं लिहून दिली होती, पण औषधवाला म्हणाला होता, मागवावी लागतील, चार-पाच दिवस तरी धरा.

आई दारात आली. "राणी, तुझ्याकडे अजून एक आहे ना ते? धाकटीला देऊन टाक. लांबचा प्रवास आहे, पोर बरोबर आहे."

"एकच उरलंय, आई."

"मग? एकच लागतं ना?"

"ते माझं आहे."

आईला खरोखर आश्चर्य वाटलं. "तुला कशाला लागतंय? तू तर खातच नाहीस."

राणी आईकडे बघत राहिली. रागही येईना. ज्याच्यावर रागवायचं त्याला निदान कळायला तरी हवं. आतल्या खोलीतून चिमणीचा खोकला ऐकू आला, साधाच, पण राणीचं काळीज हललं. ती उठली आणि आत गेली.

धाकटी पोरीचे केस विंचरत होती. राणीने पेन तिच्या हातात दिलं. "हे टोपण आधी काढायचं. हे टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, जोरात. घाबरून लगेच उचलायचं नाही. आणि टोचल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. कर बघू."

धाकटीने उशीवर दोनदा करून दाखवलं.  "ताई, दुपारी मी तुला मारलं ना," ती खाली बघत म्हणाली. "घाबरले होते गं."

"माहीत आहे."

"पण तू आधी नीट सांगायला हवं होतंस," धाकटी म्हणाली.

राणीने पोरीच्या गालावरून बोट फिरवलं आणि बाहेर पडली. अंगणात पातेलं शेगडीवरच होतं, तळाशी गढूळ पाणी, त्यावर मिरच्या तरंगत होत्या. आई मागोमाग आली. "अगं, जातेस कुठे? हे घासायचं कोणी? वहिनीला वास सोसत नाही."

"ज्यांनी खाल्लं त्यांनी," राणी म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

बसमध्ये बसल्यावर दादाचा फोन आला. आईशी या वयात असं बोलणं बरं नव्हे, आधीच तिने आज किती सोसलंय, वगैरे. राणीने सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली. कोपरावरच्या गांधी अजून खाजत होत्या.

त्यानंतर रविवारी ती आईकडे गेली नाही. पुढच्या रविवारीही नाही. आईने शेजारपाजारी नातीच्या अॅलर्जीचं सांगून सांगून सगळ्यांना पाठ करून टाकलं. आता त्या घरात कुणी साधी चटणी आणली तरी आई आधी विचारते, ह्यात काही नाही ना? राणी येत नाही याचं कारण कुणी विचारलं तर म्हणते, "तिला जरा लहरी स्वभाव आहे."

एक दिवस कारखान्यात काचा तपासताना राणीला धाकटीचा फोन आला. आवाज कामाचा होता. शाळेत काय सांगायचं? बाहेर जेवताना काय विचारायचं? एकाच तेलात तळलेलं चालतं का? वाफेनेही होतं का? शिंपल्यांचं काय? राणी मशीनपासून बाजूला जाऊन एकेकाचं उत्तर देत होती, सावकाश, पोरीच्या आईला कळेल असं. तेल नको. वाफेपासून लांब. वर्गातल्या बाईंना इंजेक्शन दाखवून ठेव. पोर नको म्हणाली की नकोच.

"हुश्श," धाकटी म्हणाली. "आता डोक्यात बसलं सगळं. अजून काही राहिलं का गं?"

राणी थांबली. "नाही," ती म्हणाली.

"चल मग, ठेवते. चिमणी पापा देतेय तुला."

फोन बंद झाला. राणीने तो लगेच खाली ठेवला नाही. मशीनचा आवाज चालू होता, शेजारची बाई हातवारे करून बोलावत होती, आणि ती अजून काही विचारलं जाईल म्हणून तशीच, कानाला फोन लावून उभी होती.